कीचकात इंग्रजांना कर्झन दिसला आणि खाडिलकरांच्या नाटकावर बंदी आली

चिखलदऱ्याला गेलात तर गाईड भीमकुंड दाखवतोच. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं आणि या कुंडात हात धुतले, अशी दंतकथा आहे. कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं, असंही सांगतात. विदर्भातल्या या थंड हवेच्या ठिकाणाची हीच गोष्ट १९०७ मध्ये रंगभूमीवर आली आणि इंग्रज सरकारला घाम फुटला.

ती आणणारे होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. जन्म १८७२, सांगलीचा. टिळकांच्या केसरीतले ते बिनीचे लेखक. नेपाळमध्ये कौलांच्या कारखान्याआडून शस्त्रं बनवण्याच्या गुप्त खटपटीतही ते होते. तो बेत फसला, मग त्यांनी नाटकालाच शस्त्र केलं.

त्या काळी लोकांचा राग होता व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनवर. १९०२ मध्ये त्याने निजामाकडून वऱ्हाड प्रांत कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून याच वऱ्हाडात होता. त्याला यवतमाळ हे नाव मिळालं १९०५ मध्ये. त्याच वर्षी कर्झनने बंगालची फाळणी केली आणि देश पेटला.

दोन वर्षांनी महाराष्ट्र नाटक मंडळीने खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगमंचावर आणलं. नाटकात इंग्रजांचं नावही नव्हतं. पण प्रेक्षकांना बरोबर कळलं. माजलेला कीचक म्हणजे कर्झन, विटंबना होणारी सैरंध्री म्हणजे भारतमाता, सबुरीने घ्या म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि हिशेब चुकता करणारा भीम म्हणजे जहाल.

१९०८ मध्ये टिळकांना मंडालेला पाठवलं गेलं. केसरीची जबाबदारी खाडिलकरांवर आली. इकडे नाटक गर्दी खेचतच होतं. शेवटी १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. महाभारतातल्या गोष्टीवर बंदी घालून, कीचक कोण हे सरकारनेच कबूल केल्यासारखं झालं.

खाडिलकर मात्र थांबले नाहीत. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' या त्यांच्या संगीत नाटकांनी इतिहास घडवला. १९२३ मध्ये त्यांनी 'नवाकाळ' सुरू केलं आणि त्यातल्या लिखाणासाठी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगवासही भोगला. १९४८ मध्ये ते गेले, पण त्याआधी स्वतंत्र भारत बघून गेले.

त्यामुळे पुढच्या वेळी भीमकुंडापाशी सेल्फी काढाल, तेव्हा भीमासोबत खाडिलकरांचीही आठवण काढा.