दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल, इ.स. १८७० – १६ फेब्रुवारी, इ.स. १९४४) हे भारतीय चित्रपटाचे आद्य निर्माते व दिग्दर्शक होते. राजा हरिश्चंद्र (इ.स. १९१३) हा भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट त्यांनी तयार केला. पौराणिक कथा आणि कॅमेऱ्याच्या करामती यांचा मेळ घालून त्यांनी पडद्यावर देव, राक्षस आणि चमत्कार उभे केले. ते पाहून मूकपटाच्या काळातील प्रेक्षक चित्रपटगृहात हात जोडत. पुढे बोलपट आले आणि फाळके यांचा हाच प्रेक्षक त्यांच्यापासून दुरावला.

== पूर्वायुष्य ==

फाळके यांचा जन्म नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाल्यावर कुटुंब मुंबईस आले. इ.स. १८८५ मध्ये धुंडिराज यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईच्या निरनिराळ्या प्रक्रियांचे शिक्षण घेतले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व मूल गमावल्यामुळे ते गाव त्यांना सोडावे लागले.

बडोद्यात पुन्हा सुरू केलेला हा व्यवसायही चालला नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी समजूत तेव्हा लोकांमध्ये होती आणि त्यामुळे गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकेना. यंत्रातून उमटलेल्या प्रतिमेविषयी सामान्य माणसाला वाटणारी धास्ती फाळके यांनी अशी पोटावर मार सोसून अनुभवली होती. पुढे प्रतिमेविषयीच्या याच भावनेने त्यांच्या चित्रपटगृहांत भक्तीचे रूप घेतले, हे त्यांच्या चरित्रातील एक लक्षणीय वळण आहे.

याच सुमारास ते एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले. आडनावाची अक्षरे उलट करून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. काही काळ त्यांनी पुरातत्त्व खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली. इ.स. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पुढे चित्रपटाच्या कामात त्यांच्या बरोबरीने राबल्या. नोकरी सोडल्यावर फाळके यांनी लोणावळ्यास आणि नंतर दादर येथे मुद्रणालय चालवले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिलामुद्रणाचे कामही त्यांनी केले होते. रविवर्म्याचे राम, सीता, लक्ष्मी आणि सरस्वती ज्या घरांच्या भिंतींवर पूजेला लागले होते, त्याच घरांतून पुढे फाळके यांचा प्रेक्षकवर्ग आला.

== चित्रपटाकडे ==

भागीदारांशी मतभेद होऊन मुद्रणालय सोडल्यानंतर, इ.स. १९१०–११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत एका तंबूवजा चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर वावरत असताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनी नंतर नवयुग मासिकातील लेखांत नमूद केले आहे. पुन्हा तोच खेळ पाहण्यासाठी ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. या काळात सतत चित्रपट पाहणे आणि रात्री-अपरात्री प्रयोग करणे यांमुळे त्यांच्या डोळ्यांवर ताण येऊन काही दिवस दृष्टी अधू झाली होती.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे चित्रनिर्मितीची माहिती घेऊन, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र घेऊन ते परतले. सावकारांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारे एक छोटे चित्रण केले. ते अंकुराची वाढ या नावाने ओळखले जाते. कित्येक दिवसांत वाढणारे रोप पडद्यावर क्षणात वर येताना पाहून मंडळी चकित झाली आणि भांडवलाची सोय झाली.

== राजा हरिश्चंद्र ==

या चित्रपटाची निर्मिती दादर येथे झाली. स्त्रीभूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना तारामतीची भूमिका देण्यात आली. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनी, तर रोहिदासाचे काम फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केले. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे आणि कलाकारांच्या जेवणखाण्याची व्यवस्था ही सर्व कामे सरस्वतीबाई पाहत असत.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. त्या काळच्या रिवाजानुसार चित्रपटाच्या जोडीला नृत्य आणि कसरतीचे कार्यक्रमही होते. मुंबईत खेळांची मुदत वाढवावी लागली.

मात्र सर्वत्र असे स्वागत झाले नाही. सुरत येथे पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपयांची तिकिटे खपली, असे सांगितले जाते. तेथील प्रेक्षक दोन आण्यांत सहा-सहा तास चालणारे नाटक पाहत असे. दीड तासात संपणाऱ्या खेळाला तीन आणे मोजणे त्याला व्यवहाराचे वाटेना. फाळके यांनी यावर जाहिरातीचा उपाय केला. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, असा हिशेबच त्यांनी मांडला आणि गर्दी लोटली. ही हकीकत विनोदी असली तरी तिच्यातून फाळके यांची जाण दिसते. प्रेक्षकाला कमी लेखण्याऐवजी त्याच्याच मापाने आपला माल मोजून दाखवणे त्यांना जमत होते.

यशानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. मोहिनी भस्मासुर (इ.स. १९१४) या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि पडद्यावर प्रथमच स्त्रिया आल्या. त्याच वर्षी फाळके यांनी आपले चित्रपट लंडनमध्ये दाखवले. तेथे राहून काम करण्याचे प्रस्ताव त्यांनी नाकारले. पहिल्या महायुद्धामुळे कच्ची फिल्म आणि भांडवल दोन्हींची टंचाई झाली व काही काळ काम मंदावले.

== लंकादहन ==

सप्टेंबर १९१७ मध्ये मुंबईत प्रदर्शित झालेला लंकादहन हा फाळके यांच्या लोकप्रियतेचा कळस मानला जातो. यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. साडीतून दिसणारे सीतेचे पिळदार दंड काही जणांच्या नजरेतून सुटले नाहीत, परंतु त्यामुळे कोणाच्या भक्तीत बाधा आली नाही. गणपत शिंदे यांनी हनुमानाचे काम केले होते.

या चित्रपटाचे आकर्षण म्हणजे त्यातील चमत्कारदृश्ये. हनुमानाचे उड्डाण, समुद्रलंघन आणि पेटलेली लंका ही दृश्ये लोकांनी तोपर्यंत कीर्तनात ऐकली होती, पोथीत वाचली होती किंवा भिंतीवरच्या चित्रात स्थिर पाहिली होती. ती हलताना दिसणे हा अनुभव अगदी नवा होता. फाळके यांची साधने मात्र साधी होती. कॅमेरा थांबवून वस्तू बदलणे, भिंगाचा काही भाग झाकून चित्रण करणे, मग तीच फिल्म मागे फिरवून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्रण करणे आणि लहान प्रतिकृती वापरणे, अशा युक्त्यांतून ही दृश्ये साकारत. चूक झाली तर आधीचे सारे चित्रण वाया जाई. हातचलाखीच्या प्रयोगांत प्रेक्षकाची नजर कोठे वळवावी याचा जो अभ्यास प्रोफेसर केळफा यांनी केला होता, तो येथे उपयोगी पडला. फरक इतकाच की जादूगाराचा प्रेक्षक युक्ती शोधत असतो, तर लंकादहनाचा प्रेक्षक ती शोधू इच्छित नव्हता.

राम पडद्यावर येताच लोक पायातली पादत्राणे काढून नमस्कार करीत, अशा आठवणी नोंदल्या गेल्या आहेत. आसपासच्या खेड्यांतून माणसे खेळासाठी येत. मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ लावावे लागले, तर मद्रासमध्ये तिकिटांची नाणी पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगितले जाते. आकड्यांत अतिशयोक्ती असेलही. पण चित्रपटाला लोटलेली गर्दी हा त्याचा प्रेक्षक कोण होता याचा पुरावा आहे. इंग्रजी शिकलेला, विदेशी मूकपट पाहणारा शहरी वर्ग त्यात थोडा होता. पाट्यांवरील अक्षरेही वाचता न येणारा माणूस बहुसंख्येने होता आणि कथा आधीच तोंडपाठ असल्यामुळे त्याचे काही अडत नव्हते.

== श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन ==

इ.स. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची स्थापना झाली. तिच्या श्रीकृष्णजन्म या चित्रपटात फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. भयभीत कंसाला आपले शिर धडावेगळे झाल्याचा भास होतो, हे त्यातील दृश्य गाजले.

कालियामर्दन (इ.स. १९१९) या चित्रपटाची सुरुवात वेगळी आहे. आरंभी मंदाकिनी एक साधी मुलगी म्हणून समोर येते आणि चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते. त्यानंतर तिच्याच चेहऱ्यातून कृष्ण प्रकट होतो. म्हणजे देवाची भूमिका करणारी मुलगी कोण आहे, हे फाळके प्रेक्षकापासून लपवत नाहीत. तरीही यमुनेच्या डोहातील सर्पाशी झुंज सुरू झाली की लोक कृष्णाचाच जयजयकार करीत. प्रेक्षक पडद्यावरील प्रतिमेला खरे मानून फसत होता, हा समज त्यामुळे टिकत नाही. ती मुलगी आहे हे ठाऊक असतानाच तो हात जोडत होता, जसे तो गावच्या जत्रेतील सोंगापुढे किंवा दशावतारातील देवापुढे जोडत असे.

== काशीवास आणि पुनरागमन ==

भागीदारांशी खर्चावरून व कामाच्या पद्धतीवरून खटके उडू लागल्याने फाळके कंपनी सोडून काशीस गेले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. इ.स. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले आणि त्यानंतर त्यांनी अनेक मूकपट काढले, परंतु लंकादहनाची उंची त्यांपैकी कोणी गाठली नाही.

== बोलपटांचा काळ ==

१४ मार्च १९३१ रोजी आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. फाळके यांचा सेतुबंधन हा तेव्हा मूकपट म्हणून तयार होत होता. पैशाअभावी तो रखडला आणि इ.स. १९३२ मध्ये पूर्ण झाला. पुढे त्याला आवाज जोडण्यात आला. त्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट आला. त्याची कथा हरिश्चंद्राचीच होती. फाळके यांच्या पहिल्या चित्रपटातील राजा आता दुसऱ्यांच्या पडद्यावर बोलत आणि गात होता.

कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण (इ.स. १९३७) हा बोलपट दिग्दर्शित केला. सुमारे अडीच लाख रुपये खर्चून बनलेल्या या चित्रपटात स्वर्गातून उतरणाऱ्या गंगेसह अनेक चमत्कारदृश्ये होती. त्या वेळी फाळके ६७ वर्षांचे होते. चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही. प्रेक्षकांची श्रद्धा आटली, असे त्याचे कारण देणे कठीण आहे, कारण आदल्याच वर्षी आलेल्या प्रभातच्या संत तुकाराम या चित्रपटाने मुंबईत वर्षाहून अधिक काळ गर्दी खेचली होती. त्यातही वैकुंठाचे विमान आणि चमत्कार होतेच. पण तेथे चमत्कारापूर्वी तुकोबांचे दारिद्र्य, आवलीची करवाद आणि देहूचे गावगाडे प्रेक्षकाला भेटत होते. माणूस बोलू लागल्यावर प्रेक्षकाला त्याचे घरही पाहायचे होते. फाळके यांची कला मुख्यतः देवाच्या प्रकट होण्याभोवती उभी होती.

== अखेरचे दिवस ==

गंगावतरणानंतर त्यांनी चित्रपट केला नाही. उर्वरित आयुष्य नाशिक येथे गेले आणि तेथेच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारत सरकारने इ.स. १९६९ पासून दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार अभिनेत्री देविकाराणी यांना देण्यात आला.

त्यांच्या चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. लंकादहनाचे थोडेसे तुकडे उरले आहेत. कालियामर्दनाचा बराच भाग मात्र सुरक्षित आहे आणि मंदाकिनीचा चेहरा कृष्णात बदलतो ते आरंभीचे दृश्य आजही पाहता येते.