रेशीमअळ्यांचा वैद्य

सातारा-सांगलीकडे तुती लावून रेशीम घेणारा शेतकरी अंडीपुंज घेतो, ते रोगमुक्त असल्याची खात्री करूनच. ही खात्री देण्याची पद्धत घालून दिली लुई पाश्चर यांनी. रेबीजच्या लशीमुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. किड्यांच्या साथीशी त्यांनी दिलेली झुंज मात्र फारशी सांगितली जात नाही.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल गावी, कातडी कमावणाऱ्याच्या घरी झाला. शिक्षण रसायनशास्त्राचे. दक्षिण फ्रान्समध्ये रेशीमअळ्या साथीने मरू लागल्या, तेव्हा १८६५ मध्ये गुरू द्युमा यांच्या आग्रहावरून ते आलेस गावी गेले. तोवर त्यांनी रेशीमअळी हाताळलीही नव्हती.

त्याच वर्षी त्यांचे वडील आणि दोन वर्षांची मुलगी कामीय गेली. पुढच्या वर्षी बारा वर्षांची सेसील विषमज्वराने दगावली. १८६८ मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. तरीही काम थांबले नाही.

पेब्रीन या रोगाचा सूक्ष्म परजीवी मादी पतंगाकडून अंड्यात उतरतो, हे त्यांनी दाखवले. उपाय साधा होता. प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवायची, नंतर ती मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोगाचे कण दिसले तर तिची अंडी जाळून टाकायची.

पण तपासून निवडलेल्या अंड्यांतल्या अळ्याही काही ठिकाणी मरू लागल्या. रोग एक नसून दोन आहेत, हे तेव्हा उमगले. दुसरा फ्लॅचरी. त्यात अळीच्या आतड्यात जिवाणू माजतात, अळी मलूल होऊन काळी पडते आणि सडते. गर्दी, कोंदट हवा, ओला व आंबलेला पाला यांमुळे तो बळावतो. म्हणून त्यांनी स्वच्छता आणि खेळत्या हवेवर भर दिला. ज्या खेपेतल्या अळ्या सुस्त दिसतील, त्यांची अंडी पुढच्या पिकाला घेऊ नयेत, असा नियमही घातला. हे सारे १८७० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. त्यांचा धडा रेशमापुरता नाही. सातेरी मधमाशीच्या पिलाव्यातील जिवाणूजन्य रोगाची महाराष्ट्रातील नोंद १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. कास किंवा चांदोलीच्या परिसरातले एखादे दुर्मीळ फुलपाखरू उद्या पिंजऱ्यात वाढवून वाचवायचे ठरले, तर तिथेही हाच धोका असेल. मोजक्याच माद्या, दाटीची जागा आणि आत शिरलेला एखादा जिवाणू एवढ्याने सारी वसाहत संपू शकते. रानात पसरलेल्या कीटकांतले काही तरी वाचतात. एका खोलीत ठेवलेले सगळे एकदम जाऊ शकतात. म्हणून आधी तपासणी, वेगवेगळी ठेवण आणि स्वच्छता, पैदास त्यानंतर.