गायनशिक्षकांचे गुरू : कै. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

आपल्या त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावून गोदामाई नाशिकास येते. त्याच नाशिकात १९२२च्या सुमारास एका थोर गवयाने रामनाम-आधार आश्रम स्थापून तुळसीदासांच्या रामायणाचे गायन आरंभिले. आज आपल्या घरांतील मुलेमुली निःसंकोचपणे गायनाच्या वर्गास जातात, त्याचे पुष्कळसे श्रेय या पुरुषाकडे जाते. म्हणून त्यांच्या चरित्राचे हे अल्प स्मरण.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार असल्याने स्वरांचा संस्कार घरचाच होता. बालपणी शोभेच्या दारूने डोळ्यांस इजा होऊन दृष्टी मंदावली व शालेय विद्या खुंटली. मिरज संस्थानाच्या आश्रयाने त्यांनी पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ग्वाल्हेर गायकीचे कठोर अध्ययन केले. एका समारंभास आपणांस आमंत्रण आहे, परंतु गुरुजींस नाही, ही गोष्ट त्यांच्या मनास फार लागली, असे सांगतात. गवयाची योग्यता केवढी आणि समाजातील स्थान केवढे, ही तफावत मिटविण्याचा निश्चय करून १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

त्या काळी गवयास राजदरबार किंवा नाटक मंडळी हाच आधार. विद्या गुरूच्या घरी सेवा करून, त्याची मर्जी सांभाळून मिळवावयाची. बुवांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ठरलेली वेळ, ठरलेली फी, क्रमिक पुस्तके, स्वरलेखन व परीक्षा अशी तेथील व्यवस्था होती. आरंभी विद्यार्थीच येत ना. तेव्हा बुवा रिकाम्या वर्गात एकटेच तंबोरा घेऊन बसत, अशी आठवण सांगतात. पुढे स्त्रियांसाठीही शिक्षणाची सोय झाली.

परंतु शाळा चालवावयाची तर शिक्षक हवेत. यासाठी बुवांनी उपदेशक वर्ग काढला. विद्यार्थ्यांनी काही वर्षे राहण्याचा करार करावयाचा; त्यांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची जबाबदारी विद्यालयाने घ्यावयाची. या वर्गात आलेली मुले सुखवस्तू घरांतीलच होती असे नव्हे. ओंकारनाथ ठाकूर यांनी बालपणी पोटासाठी स्वयंपाक्याचे व गिरणीतले काम केले होते. एका पारशी गृहस्थाच्या उदारतेने ते बुवांपाशी आले आणि १९१६ साली ऐन विशीत लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले. मिरजेचे विनायकराव पटवर्धन काही वर्षे गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे १९३२ साली त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. बी. आर. देवधर पदवीधर होऊन मुंबईत गायनशाळा चालवू लागले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात संगीतशिक्षक झाले व १९३० साली दांडीयात्रेतही चालले. त्याच काळी वकिली सोडून पं. भातखंडे दुसऱ्या मार्गाने हेच कार्य करीत होते. बुवांची स्वरलिपी अवघड म्हणून मागे पडली व भातखंड्यांची अधिक रूढ झाली, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

१९०८ साली विद्यालय मुंबईस आले. तेथे छापखाना व वाद्यांचा कारखाना निघाला, स्वतःची इमारतही झाली. परंतु तिच्यासाठी काढलेले कर्ज फिटेना. बुवा गावोगाव जलसे करीत हिंडले. तरी १९२४ साली इमारतीचा लिलाव झालाच. ज्याने इतरांच्या पोटापाण्याची सोय लावली, त्यास स्वतःचे छप्पर राखता आले नाही. त्यानंतर नाशिकचा आश्रम व रामनाम हाच त्यांचा आसरा राहिला.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे बुवांचे देहावसान झाले. मागे राहिलेले पुत्र दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. त्यांस विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या बुवांच्या शिष्यांनीच विद्या दिली, आणि पित्याने घडविलेल्या शिक्षकांच्या हातून पुत्र घडला. १९५५ साली ऐन चौतिसाव्या वर्षी दत्तात्रेयही निवर्तले. पण त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतून तो स्वर आजही कानी पडतो.

शिष्यांनी १९३१ सालीच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षांस आजही हजारो मुले बसतात. ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या मुलांच्या गायनगुरुजींची दरमहाची फी देताना त्यांस आदराने आसन द्यावे. त्या आसनासाठी एका गवयाने आपले घरदार पणास लावले होते, याचे स्मरण असू द्यावे.