कुलाब्याच्या वेधशाळेतला पोरगा

दुपारी लेक्चर बंक करून गिरगाव चौपाटीवर बसला असाल, तर एक गोष्ट अंगाला जाणवली असेल: वारा समुद्राकडून येतो. उन्हाने वाळू झटकन तापते, पाणी हळूहळू. तापलेल्या वाळूवरची हवा हलकी होऊन वर सरकते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावते. याचं नाव नैसर्गिक अभिसरण. प्रयोगशाळेत रंगीत द्रवातून लेझरचा झोत सोडला, तरी हेच होतं. झोताच्या वाटेवरचा द्रव तापतो आणि वर चढू लागतो.

या वाऱ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या जागी आपला एक मराठी मुलगा होता. केरो लक्ष्मण छत्रे, जन्म 1825, अलिबागजवळच्या नागावचा. (सर्कसवाले छत्रे ते विष्णुपंत, हे नव्हेत!) वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास तो कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागला. तिथे हवेचा दाब, तापमान, चुंबकसुई यांच्या नोंदी, त्याही तासातासाला. आपल्याला एक जर्नल वेळेत पूर्ण करणं जमत नाही! डिग्रीचा तर प्रश्नच नव्हता, मुंबई विद्यापीठच मुळी 1857 चं.

पुढे केरूनाना पुण्यात प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी. पंचांगाचं गणित आकाशाशी जुळावं म्हणून नानांनी ग्रहसाधनाची कोष्टकं रचली, तेही मोठं काम. पण मला ओढ वाटते त्यांच्या दुसऱ्या नादाची. सूर्यावरच्या डागांचा इथल्या हवामानाशी काही संबंध आहे का, हे ते शोधत होते. तो नुसता छंद नव्हता. 1876–78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मरत होती. साधारण अकरा वर्षांनी वाढणाऱ्या डागांवरून पाऊस आधी कळला, तर धान्य साठवता आलं असतं.

नाना 1884 मध्ये गेले. डाग म्हणजे नेमकं काय, हे मात्र त्यांच्या हयातीत कळलं नाही. डागांमध्ये जबरदस्त चुंबकत्व असतं, हे 1908 मध्ये हेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं. सूर्याच्या पोटातली उष्णता तापलेल्या वायूच्या अभिसरणाने वर येते. चुंबकत्व ते अभिसरण अडवतं, म्हणून तेवढा भाग थंड, आणि म्हणून काळा. म्हणजे चौपाटीवरचा वारा आणि सूर्यावरचा डाग, दोन्हींच्या मुळाशी एकच क्रिया. डागांवरून पावसाचा भरवशाचा अंदाज मात्र अजूनही बांधता येत नाही.

मुंबईचं तापमान आजही कुलाबा आणि सांताक्रूझ असं दोन ठिकाणचं सांगतात. त्यातला कुलाब्याचा आकडा एके काळी नानांच्या वहीत पडायचा.