११ मार्च आणि कवळाण्याचे गोपाळराव

दिनविशेषात ११ मार्च ही तारीख काढली की आपल्या माणसांच्या चार नोंदी लगेच सापडतात. १६८९ साली या दिवशी औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांना हाल करून मारले. १८८६ साली या दिवशी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरीची पदवी मिळाली. १९१५ साली सांगलीला विजय हजारे जन्मले. पुढे ते बडोद्याचे झाले आणि १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्या जोडीने त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. चौथी नोंद १८६३ सालची. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळरावांचा जन्म झाला. हेच आपले श्रीमंत सयाजीराव महाराज. आज त्यांच्याविषयी लिहावे असे आम्ही ठरवले.

काशीराव गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेचे, शेतीवर जगणारे. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव महाराजांना पदच्युत केले आणि दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेबांना दत्तक घेण्याची मुभा दिली. कवळाण्याहून मुले बडोद्यात आणली गेली. त्यातून गोपाळरावांची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी ते सयाजीराव झाले. वय बारा, आणि तोवर अक्षरओळखही नव्हती. दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभाराची घडी बसवली आणि इलियट साहेबांनी शिक्षण हाती घेतले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा भाषा सहा वर्षांत शिकून २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांनी राज्याचे पूर्ण अधिकार हाती घेतले.

उशिरा शाळा पाहिलेल्या या मुलाने राजा झाल्यावर काय केले, याचे उत्तर अमरेली प्रांतात मिळते. १८९३ साली तिथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करून पाहिले, मुलांना आणि मुलींनाही. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. अनुभव आल्यावर १९०६ साली हा कायदा सगळ्या राज्याला लागू केला. याच धर्तीचे विधेयक गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात मांडले, तेव्हा ते मंजूर होऊ शकले नाही. शाळा सुटल्यावर वाचलेले विसरू नये म्हणून ग्रंथालये हवीत, हेही महाराजांनी ओळखले. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या.

१८९० साली कलाभवन निघाले, १९०४ साली बालविवाहाला बंदी करणारा कायदा झाला, २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. आम्ही बँकेत जन्म घालवलेली माणसे, त्यामुळे ही शेवटची तारीख आम्हाला कधी पाठ करावी लागली नाही. मराठी साहित्यिकांनीही महाराजांना आपले मानले. १९३२ च्या कोल्हापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

पण खाते पाहताना जमेची बाजू तेवढी वाचून उठायचे नसते, हेही बँकेनेच शिकवले. १९१३ साली महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली आंबेडकर बडोद्यात रुजू झाले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. शहरात कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. दिवाणांकडूनही राहण्याची सोय झाली नाही. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि मुंबईची गाडी धरली.

महाराजांनी स्वतःच्या खजिन्यातून ज्याला शिकवले, त्याला महाराजांच्या राजधानीत खोली मिळाली नाही. यात राजाचा कारभार उणा पडला हे खरे. मात्र नाही म्हणणारे घरमालक, शेजारी आणि कचेरीतले लोक कोण होते? सगळ्या जातींचे, सगळ्या भाषांचे बडोदेकर होते, आणि त्यात आपली मराठी माणसेही असणारच. हुकूम काढून शाळा उघडता येते, दंड लावून मूल वर्गात बसवता येते. घराचे दार मात्र ज्याचे त्यालाच उघडावे लागते. तो भाग महाराजांनी प्रजेवर सोडला होता आणि प्रजा तिथे कमी पडली. आजही भाड्याने घर देताना आडनाव विचारले जाते, तेव्हा ती थकबाकी तशीच पुढे ओढली जाते असे आम्हाला वाटते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले. त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते. १९४९ साली त्यांच्या नावाने विद्यापीठ उभे राहिले.

दरवर्षी ११ मार्चला आपण काळ्या घोड्यावरच्या महाराजांना वंदन करायला जमतो. तिथून कमाटीबाग अगदी जवळ आहे. यंदा हार घालून झाल्यावर मंडळाच्या सभासदांनी मुलानातवंडांना घेऊन संकल्पभूमीपर्यंतही चालत जावे, आणि तिथे काय घडले ते त्यांना सांगावे. महाराजांच्या शिष्यवृत्तीची गोष्ट तिथे गेल्याशिवाय पुरी होत नाही.