शिशाचा माग काढणाऱ्या डॉक्टर

शिशाच्या कारखान्यांतील कामगारांना पोटशूळ उठे, मनगटे लुळी पडत. हात न धुतल्याचा हा परिणाम, असे सांगून मालक मोकळे होत. १९१०मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या पाहणीत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी कारखाने पालथे घातले, रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, कामगारांची घरे गाठली. विष श्वासावाटे, धूळ आणि धुरातून शरीरात जात होते. १९१९मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातील पहिल्या महिला अध्यापक झाल्या. १९२५मध्ये पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्यास त्यांनी जाहीर विरोध केला; पण तो डावलला गेला. १९७०मध्ये, १०१ वर्षांचे आयुष्य जगून त्यांनी जगाचा निरोप घेतला, तेव्हाही गाड्यांच्या धुरातून शिसे बाहेर पडतच होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले.