जेआरडी टाटा: पोलाद-कापडाच्या समूहात विमानाचा धंदा कसा रुजला?

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एक छोटं 'पस मॉथ' विमान निघालं. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं. ते डबे चक्क बैलगाडीतून आले होते! दुपारी विमान मुंबईत जुहूला उतरलं. वैमानिक होते २८ वर्षांचे जेआरडी टाटा.

हा प्रसंग अनेकांना माहीत आहे. पण त्याआधी जेआरडींना आपल्याच घरच्या कंपनीला पटवावं लागलं होतं.

२ लाखांचा होकार

१९०४ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या जेआरडींना १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट त्यांच्याकडे एक योजना घेऊन आले. इंग्लंडचं टपाल इम्पीरियल एअरवेज कराचीपर्यंत आणायची. तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला ते आपण न्यायचं.

अध्यक्ष दोराबजी टाटा फारसे राजी नव्हते. टाटा स्टीलचा कारभार पाहणाऱ्या जॉन पीटरसन यांनी मध्यस्थी केली. सुरुवातीची गुंतवणूक होती फक्त २ लाख रुपये. बुडाले तरी समूह हलणार नव्हता. होकार मिळाला.

पुढचा अडथळा सरकारचा. वाटाघाटी लांबल्या, तेव्हा टाटांनी अनुदानाचा आग्रहच सोडला. जेवढं टपाल नेऊ तेवढेच पैसे द्या, असा प्रस्ताव ठेवला.

छोटी टीम, मोकळा हात

नवी कंपनी न काढता टाटा सन्समध्येच विमान विभाग सुरू झाला. दोन विमानं, मोजके वैमानिक आणि मेकॅनिक. रोजचा कारभार व्हिंटसेंट यांच्याकडे, वरिष्ठांपुढे बाजू मांडायला जेआरडी. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जायची, मग उड्डाणं पुण्याहून व्हायची. पहिल्याच वर्षी ६० हजार रुपये नफा झाला.

मग वेगळी कंपनी

१९३८ मध्ये जेआरडी समूहाचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये विमान दुर्घटनेत व्हिंटसेंट गेले. धंदा मात्र वाढतच राहिला आणि १९४६ मध्ये त्याची 'एअर इंडिया' ही स्वतंत्र पब्लिक कंपनी झाली.

१९५३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. जेआरडींना ते पटलं नव्हतं, तरी १९७८ पर्यंत त्यांनी अध्यक्षपद सांभाळलं. १९९३ मध्ये त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, पण ते पाहायला जेआरडी नव्हते.